पाचवी पिन बसल्यावर : एका अकरा मिनिटांच्या एकपात्रीचं रसग्रहण

संहिता छोटी असली की ती एका वाचनात कळते, या समजुतीचं हे प्रकरण. वाचनगट प्रातिनिधिक आहे: आठ जण, दीड तासाच्या दोन बैठका, मध्ये आठवडाभराचं अंतर. संहिता या लेखासाठीच रचलेली आहे, म्हणजे तिचा प्रत्येक सांधा उघडून दाखवता येईल. समकालीन छोट्या नाटकांच्या वाचनात जे हमखास बिनसतं, ते सगळं इथे बिनसलेलं दिसेल.

संहिता

नाव ‘चावीवाला’. १,०५० शब्द, एक पात्र, एक बंद दार. बारा रंगसूचना, त्यांपैकी सात ठिकाणी नुसतं ‘स्तब्धता’. एका बाईनं चावीवाल्याला बोलावलं आहे. आत तिची बहीण एकटी राहते आणि दोन दिवस फोन उचलत नाही. बाई रंगमंचावर दिसत नाही, तिचं बोलणंही छापलेलं नाही. ती जिथे काही बोलली असेल तिथे एक लांब रेघ आहे. अशा रेघा तेवीस.

सुरुवात अशी:

“पाच पिनांचं आहे, ताई. पाच मिनिटांचं काम. जरा बाजूला व्हा, उजेड अडतो. — हो हो, दार तोडायचं नाही, ते कळलं मला. — अहो, पाच म्हणजे पाचच.”

मग तो कामाला लागतो. कुलपातल्या पिना एकेक बसवत जातो (सगळ्या बसल्या की कुलूप उघडतं), तोंडाने मोजत जातो आणि मध्ये गिऱ्हाइकांचे किस्से सांगतो. कुणी गच्चीत अडकलेला, कुणी आपल्याच घराची चावी तिसऱ्यांदा हरवलेला. हशा पिकेल असा हा भाग. मग मध्यावर हा तुकडा येतो:

“चौथी बसली. आता ही शेवटची. (खट्. त्याचे हात थांबतात. तो दाराकडे न बघता तिच्याकडे बघतो. स्तब्धता. पुन्हा हत्यार फिरवू लागतो.) सहावी पण आहे वाटतं. — जुनी कुलपं, ताई, काही सांगता येत नाही. बहिणीशी शेवटचं बोलणं कधी झालं म्हणालात?”

यानंतर पाच मिनिटं तो ‘सहाव्या पिने’शी झटतो. बाईला विचारतो, अजून कुणाला कळवलंय का, मेहुणे कुठे असतात, खाली कुणी ओळखीचं आहे का. तिला पाणी आणायला पाठवू बघतो, ती जात नाही. एकदा म्हणतो, “मागच्या वेळी मी बाजूला झालो नव्हतो.” कशाच्या मागच्या वेळी, ते सांगत नाही. त्यानंतर एक वाक्य: “मृत्यूला कुलूप नसतं, ताई.” आणि शेवट:

“झालं. जुनं होतं, म्हणून वेळ लागला. तुम्ही थांबा. आधी मी. (तो दार लोटतो. अंधार.)”

पहिली बैठक

संहिता आठवडाभर आधी सगळ्यांच्या फोनवर गेली होती. बैठकीत एकाने ती मोठ्याने वाचली. वाचन साडेआठ मिनिटांत संपलं. मग सूत्रधाराने विचारलं, “कशी वाटली? काय सांगायचंय लेखकाला?” पुढची चाळीस मिनिटं एकटेपणा, तुटत चाललेली नाती, अनोळखी माणसातली माणुसकी या विषयांवर छान चर्चा झाली. आठांपैकी सहा जणांनी एकच वाक्य अधोरेखित केलं होतं, मृत्यू आणि कुलपाचं. एकाने चूकही काढली: “आधी पाच पिना म्हणतो, नंतर सहा. लेखकाने एकदा तपासायला हवं होतं.” सगळ्यांनी माना डोलावल्या.

कुलूप मध्यावरच उघडलेलं आहे, हे एकाच्याही लक्षात आलं नाही. म्हणजे नाटकातली एकमेव घटना आठही जणांच्या नजरेतून सुटली. त्यांना दिसला तो एक बोलका कारागीर आणि त्याच्या तोंडचं एक सुभाषित.

हे लक्ष नव्हतं म्हणून झालं, असं म्हणून भागत नाही. कारणं नेमकी आहेत आणि दुरुस्त करण्यासारखी आहेत.

पहिलं कारण वाचणाऱ्याचं. स्वतःच पात्र बोलत असताना कंसातला मजकूरही स्वतःच वाचायचा, हे अवघडल्यासारखं होतं. म्हणून तो कंस गिळतो. बारा रंगसूचनांपैकी त्याने तीनच वाचल्या, त्याही आवाज उतरवून. ‘खट्’ गेलं, थांबलेले हात गेले, नजर गेली. मराठी अभिवाचनाचा वेग साधारण मिनिटाला ११० ते १३० शब्द धरला, तर १,०५० शब्दांना नुसत्या बोलण्याचेच साडेआठ मिनिटं लागतात. अकरा मिनिटांच्या संहितेतली उरलेली अडीच मिनिटं स्तब्धतेची आणि हातांच्या कामाची होती. ती वाचलीच गेली नाहीत. घड्याळ लावलं असतं तर एवढ्यावरूनच शंका यायला हवी होती.

दुसरं कारण डोळ्यांचं. फोनवर वाचताना तिरक्या ठशातला कंस म्हणजे पोटटीप वाटते. कथा-कादंबरी वाचणाऱ्याला संवाद हा मजकूर आणि कंस ही सजावट, अशी सवय असते. समकालीन नाटकात मात्र छपाईची खूण हीच अनेकदा मुख्य सूचना असते. हॅरॉल्ड पिंटर यांच्या संहितांत तीन टिंबं, विराम आणि स्तब्धता या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कॅरिल चर्चिल यांच्या संवादांत मध्येच तिरकी रेघ येते, तिथून पुढचं पात्र आधीच्याचं वाक्य संपायच्या आत बोलू लागतं. त्यांच्याच ‘लव्ह अँड इन्फर्मेशन’ (२०१२) मध्ये कोणतं वाक्य कुणाचं हेही छापलेलं नाही, ते बसवणाऱ्यांनी ठरवायचं. डेव्हिड आइव्ह्ज यांच्या ‘शुअर थिंग’ या छोट्या नाटकात घंटी वाजली की संभाषण मागे जाऊन नव्याने सुरू होतं. ती घंटी वगळून वाचली तर दोन माणसं वेड्यासारखी तेच तेच बोलताना ऐकू येतील.

तिसरं कारण पहिल्या प्रश्नात होतं. “काय सांगायचंय?” असं विचारलं की माणूस संहितेतून बाहेर पडतो आणि विषयाकडे धावतो. विषय सगळ्यांना आधीच माहीत असतो, त्यामुळे चर्चा रंगते. पण तीच चर्चा दुसऱ्या कुठल्याही संहितेवर जशीच्या तशी करता येते. चर्चेतल्या वाक्यांत ‘चावीवाला’ऐवजी ‘डॉक्टर’ किंवा ‘शेजारी’ घालून बघावं. वाक्य तसंच टिकलं, तर ते या संहितेबद्दल नव्हतंच.

दुसरी बैठक: काय बदललं

सूत्रधार तोच, संहिताही तीच. या वेळी छापील प्रती दिल्या, दर पाच ओळींना क्रमांक घातलेल्या आणि उजवीकडे तीन बोटं समास सोडलेल्या. वाचायला दोघं: एक पात्राचं बोलणं वाचणार, दुसरा फक्त रंगसूचना, कोणताही भाव न आणता. ‘खट्’ हा शब्द उच्चारायचा नाही, तो आवाज करायचा. कागद टाचायचं स्टेपलर टेबलावर रिकामं दाबलं तरी पुरतं. स्तब्धतेला तीन सेकंद, रंगसूचना वाचणाऱ्याने मनात मोजायचे.

वाचन दहा मिनिटं पन्नास सेकंदांत झालं. स्टेपलरचा आवाज आला तेव्हा तिघांनी मान वर केली. त्यापुढचं “सहावी पण आहे वाटतं” ऐकताना खोलीत एक हसू अर्धवट राहिलं. गेल्या आठवड्यातली ‘लेखकाची चूक’ आता चावीवाल्याची थाप म्हणून ऐकू आली.

इथे एक सावधगिरी लागते. संहितेतली प्रत्येक विसंगती हेतूपूर्वक असते असं धरून चालणं हाही आळसच. छापील चुका असतात, घाईत लिहिलेली नाटकंही असतात. कसोटी साधी आहे: त्या विसंगतीला दुसरीकडून आधार मिळतो का? इथे आकडा बदलतो त्याच्या आधी आवाज आहे, थांबलेले हात आहेत, दार सोडून बाईकडे गेलेली नजर आहे, आणि सुरुवातीला “पाच म्हणजे पाचच” असं ठासून सांगितलेलं आहे. चार आधार मिळाल्यावर शंकेला जागा उरत नाही. एकही मिळाला नसता तर चूक म्हणून सोडून द्यायला हरकत नव्हती.

वाचनानंतर पहिली पंधरा मिनिटं मत देण्यावर बंदी. फक्त जे आहे ते सांगायचं, ओळ क्रमांकासह. “तो घाबरलाय” चालणार नाही, “ओळ ७२, हात थांबतात” चालेल. हे कंटाळवाणं वाटतं आणि पहिली पाच मिनिटं असतंही. दहाव्या मिनिटाला कुणीतरी म्हटलं की ‘खट्’नंतर तो एकदाही पिना मोजत नाही. त्याआधी चारही पिना मोठ्याने मोजल्या होत्या. मग शोध सुरू झाला.

रेघा भरणं

बैठकीतला सगळ्यात फलदायी भाग हा. तेवीस रेघांच्या जागी बाई काय बोलली असेल, ते समासात पेन्सिलीने लिहायचं, जास्तीत जास्त चार शब्दांत. आठ जणांनी वेगवेगळं लिहिलं, आणि तसंच व्हायला हवं. महत्त्वाचं ते, जिथे सगळ्यांचं जवळपास एकच आलं ते. ‘खट्’च्या आधीच्या अकरा रेघांपैकी आठ ठिकाणी सर्वांनी प्रश्न लिहिले होते: “किती वेळ?”, “दार तुटेल का?”, “नक्की पाच?” नंतरच्या बारा रेघांत बाईचे प्रश्न जवळजवळ संपले, उत्तरं आली: “परवा”, “नाही”, “कुणी नाही”. चावीवाल्याच्या बाजूने मोजलं तर आधीच्या भागात त्याचे दोन प्रश्न आहेत, नंतरच्या भागात नऊ.

मध्यावर प्रश्न विचारण्याचा हक्क एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेला, हीच या अकरा मिनिटांतली हालचाल. “काय सांगायचंय” याचं उत्तर शोधत बसणाऱ्याला ती कधीच सापडली नसती.

दिवाकरांच्या नाट्यछटा वाचलेल्यांना हा प्रकार नवा नाही. तिथेही एकच जण बोलतो आणि समोरच्याचं बोलणं त्याच्या उत्तरांतून ऐकू येतं. स्वगतात मात्र ही युक्ती लावू नये. ज्या एकपात्रीत बोलणारा थेट प्रेक्षकांशी बोलतो तिथेही रेघा भरण्यात अर्थ नाही. तिथे प्रश्न वेगळा: प्रेक्षकांना त्याने कोण मानलं आहे? पंच, साक्षीदार, मित्र की पाहुणे? मराठीत ‘एकपात्री’ म्हटलं की एकाच नटाने दहा-वीस माणसांची सोंगं वठवण्याचा कार्यक्रमही त्यात येतो. त्याचं रसग्रहण म्हणजे आणखी वेगळं काम, त्यात आवाज आणि देहबोलीच्या बदलाला जास्त वजन द्यावं लागतं.

क्रियापदं

पुढची वीस मिनिटं संहितेचे सहा तुकडे पाडून प्रत्येकाला एक क्रियापद देण्यात गेली. अट अशी की क्रियापद बाईला लागू पडलं पाहिजे. ‘तो किस्सा सांगतो’ बाद. ‘तो तिला हसवतो’ चालेल. गटाने शेवटी ठरवलेली यादी: तिला हटवतो, तिला हसवतो, तिला निरखतो, तिला चाचपतो, तिला पाठवू बघतो, तिला मागे ठेवतो. एवढं हातात आल्यावर गच्चीवाल्या किस्स्याचा उपयोग कळला. सुरुवातीला तो झपाझप काम करणारा आणि तितकाच बोलका आहे हे बसल्याशिवाय नंतरची रेंगाळ खटकणारच नाही.

तरी तो किस्सा लांबलाच आहे. १४० शब्दांत त्याचं काम पहिल्या ऐंशीत होतं, उरलेले साठ शब्द केवळ टाळीसाठी आहेत. रसग्रहण म्हणजे कौतुकच, असा एक गैरसमज आहे, तो इथे सोडावा लागतो. साठ शब्द वगळून तो तुकडा पुन्हा वाचून बघितला तेव्हा ‘खट्’ अर्धा मिनिट आधी आलं आणि काहीही बिघडलं नाही.

त्याहून मोठी खोट, सहा जणांनी अधोरेखित केलेल्या वाक्याची. “मृत्यूला कुलूप नसतं, ताई.” हे वाक्य चावीवाल्याच्या तोंडी बसत नाही. पाच मिनिटं तो जिवाचा आटापिटा करून बाईसमोर तो शब्द उच्चारायचं टाळतो आहे, आणि इथे तोच उच्चारतो. म्हणजे त्याची सगळी थाप स्वतःच्या हाताने उधळतो. लेखकाचा ‘खट्’वरचा विश्वास तेवढ्यापुरता डळमळला आणि अर्थ प्रेक्षकांच्या हातात देऊन टाकावासा वाटला, असं दिसतं. क्रियापदाच्या कसोटीवरही ते नापास होतं: या वाक्याने तो बाईला काय करतो, याचं उत्तर कुणालाच देता आलं नाही. वहीत उतरवून घ्यावंसं वाटणारं वाक्य छोट्या नाटकात दिसलं की आधी ते पात्राचं आहे की लेखकाचं, हे तपासावं.

जिथे एकमत झालं नाही

चावीवाला बाईला वाचवतो आहे की स्वतःला? पाच विरुद्ध तीन अशी फूट पडली. पाच जणांचं म्हणणं, तो तिला तयार करतोय: आधार कुठे आहे, कोण येऊ शकेल, ती उभी राहू शकेल का, याची चाचपणी चालू आहे. तिघांनी “मागच्या वेळी मी बाजूला झालो नव्हतो” या वाक्यावर बोट ठेवलं. त्यांच्या मते यात कर्ता ‘मी’ आहे, त्याला पुन्हा ते दृश्य नको आहे आणि बाईची काळजी हा आडोसा.

मग दोन्ही बाजूंनी शेवट वाचून बघितला. “जुनं होतं, म्हणून वेळ लागला” हे बाईकडे बघून, सरळ, विराम न घेता म्हटलं की ती थाप दयेची होते. तेच दाराकडे बघत, तीन सेकंद थांबून म्हटलं की तो स्वतःला बजावतो आहे असं ऐकू येतं. थांबणं आठ सेकंदांवर नेऊन बघितलं तर दोन्ही अर्थ विरघळले, उरलं ते फक्त ‘आता काहीतरी गंभीर आहे’ हे सूचन. संहिता दोन्ही वाचनं पेलते, तिसरं पेलत नाही. ‘चावीवाल्यानेच काहीतरी केलंय’ अशी एक कल्पना निघाली होती, तिला एकाही ओळीचा आधार मिळाला नाही आणि ती गळली.

अशा ठिकाणी गट मतदान घेऊन मोकळा होतो, ते टाळावं. ब्रायन फ्रील यांच्या ‘फेथ हीलर’ (१९७९) मध्ये तीन पात्रं मिळून चार दीर्घ एकभाषितं बोलतात आणि त्याच घटनांच्या त्यांच्या हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत. तिथे खरं काय हे ठरवणं हे प्रेक्षकाचं काम नाही, कोण काय झाकतो ते बघणं हे आहे. आपला चावीवालाही झाकणाराच. ॲलन बेनेट यांच्या ‘टॉकिंग हेड्स’ (१९८८) या टीव्हीसाठी लिहिलेल्या एकभाषितांच्या मालिकेतली माणसं याच्या उलट टोकाला आहेत: आपण काय उघडं करतोय हे त्यांना स्वतःलाच पुरतं कळत नसतं. बोलणारा स्वतःबद्दल प्रेक्षकांपेक्षा जास्त जाणतो की कमी, हे ठरवल्याशिवाय एकपात्रीबद्दल लिहायला बसू नये. अर्धी रसग्रहणं तिथेच घसरतात.

लिहून काढताना

बैठकीनंतर प्रत्येकाने अडीचशे शब्द लिहिले. पहिल्या बैठकीनंतरच्या एका टिपणाची सुरुवात होती: “माणसामाणसांतल्या हरवत चाललेल्या संवादावर ही संहिता मार्मिक भाष्य करते.” त्याच हाताची दुसरी सुरुवात: “कुलूप मध्यावर उघडतं. उरलेली पाच मिनिटं चावीवाला ते बंद असल्याचं नाटक करतो, आणि ते नाटक फक्त आपल्याला माहीत असतं.” फरक समजावून सांगायची गरज पडली नाही. लेखनाचा क्रमही ठरला: आधी घटना, मग ती कोणत्या खुणेने कळते, मग बोलणारा समोरच्याला काय करतो, मग खोट, आणि विषयाबद्दल काही म्हणायचंच असेल तर शेवटच्या दोन ओळींत. कथानकाचा सारांश तीन वाक्यांपलीकडे गेला की कापायचा.

बाई दिसावी का

हा प्रश्न प्रयोगाचा, पण वाचनातही सुटत नाही. ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग यांच्या ‘द स्ट्राँगर’ (१८८९) मध्ये दोन बायका समोरासमोर असतात आणि एकच बोलते. दुसरीच्या गप्प बसण्यावर सगळा खेळ आहे, तिला काढलं तर नाटकच उरत नाही. सॅम्युएल बेकेट यांच्या ‘नॉट आय’ (१९७२) मध्ये अंधारात फक्त एक बोलणारं तोंड आणि बाजूला एक मूक ऐकणारी आकृती आहे. टीव्हीसाठी चित्रित केलेल्या रूपात ती आकृती नाही, तरी परिणाम टिकून राहिला. ‘चावीवाला’ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो.

गटाने दोन्ही करून बघितलं. बाईच्या जागी एक जण उभी राहिली तेव्हा सगळे तिचा चेहरा वाचू लागले आणि ‘खट्’च्या वेळी चावीवाल्याच्या हातांकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. तिला कळलं का, हा प्रश्नही तिच्या चेहऱ्याने आधीच सोडवून टाकला. जागा रिकामी ठेवली तेव्हा वेगळीच अडचण आली: वाचणाऱ्याची नजर दर वेळी निराळ्या उंचीवर जायची, कधी पाच फुटांवर, कधी साडेसहा फुटांवर. बाई उंच-ठेंगणी होत राहिली आणि एकदा तर दोन बाया आहेत असा भास झाला. शेवटी भिंतीवर त्याच्या नजरेच्या उंचीला कागदाची चिकटपट्टी लावली. “आधी मी” म्हणताना मात्र नजर तिथून हलवून दाराच्या मुठीवर आणायची असं ठरलं, आणि पुढचं वाचन रिकाम्या जागेसमोरच झालं.